कोंबडीचा बांध

दर एकवीस दिवसांनी माझ्या भाच्याला रक्त चढवावं लागतं. माझ्या खालाच्या मुलीचा हा मुलगा. थॅलेसेमिया मेजर. पहिले काही महिने चांगला गुटगुटीत होता, मग पांढरा पडत गेला. आता सोळा वर्षांचा आहे. मागच्या खेपेला सुई लावून झाल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, फ्रान्समध्ये माझ्यासारख्या एकाला नवा जीन दिला म्हणे. त्याचं रक्त चढवणं थांबलं. मग मला का नाही देत?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. तरी "महाग असतं रे" एवढंच बोललो. घरी येऊन वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका कोंबडीपाशी पोचलो.

आधी शेताची गोष्ट सांगतो. दादांच्या माघारी जमिनीची वाटणी झाली, तेव्हा माझ्या दोन चुलत्यांत बांधावरून दहा वर्षं बोलणं नव्हतं. मोटर एकाची, पाणी दुसऱ्याच्या वावरात. डीएनएतही हेच घडतं. जीनचं काम जोरात चालावं म्हणून डीएनएचेच काही तुकडे असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. ही ती मोटर. ती हजारो अक्षरं लांबूनही पाणी पोचवते, आणि वावर कुणाचं हे बघत नाही. म्हणून दोन शेजाऱ्यांमध्ये जागोजागी इन्सुलेटर असतात. शब्द वायरीच्या आवरणावरून आला असला तरी मला बांधच जवळचा वाटतो.

पृष्ठवंशी प्राण्यांतला जो बांध सगळ्यात बारकाईने अभ्यासला गेला, तो कोंबडीचा. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक शिल्लक राहतं, आपल्या पेशीत राहत नाही. त्यामुळे असल्या अभ्यासाला कोंबडीचं रक्त सोयीचं. तिच्या ग्लोबिन जीन्सच्या रांगेपलीकडे सुमारे सोळा हजार अक्षरांचा घट्ट गुंडाळलेला पट्टा आहे आणि त्यापलीकडे फोलेट रिसेप्टरचा जीन. पेशी कोवळी असताना हा जीन चालतो, ग्लोबिन नंतर. शेजारी खरे, पण पाळ्या वेगळ्या. ग्लोबिनच्या हद्दीवर बाराशे अक्षरांचा एक तुकडा आहे. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गॅरी फेल्सेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की माणसाच्या पेशीत एन्हान्सर आणि जीन यांच्या मध्ये हा तुकडा ठेवला तर जीन थंडावतो. कोंबडीचा बांध माणसाच्या शेतातही टिकला!

तो अडवतो कसा? १९९९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने उत्तराचा एक भाग दिला: सीटीसीएफ नावाचं प्रथिन त्या तुकड्यावर बसतं. पुढे चित्र आणखी उलगडलं. कोहेसिन नावाचं कडं डीएनएचा धागा ओढून त्याचा फास मोठा करत जातं आणि समोर तोंड करून बसलेलं सीटीसीएफ भेटलं की थांबतं. एकाच फासातले जीन आणि एन्हान्सर एकमेकांना सहज भेटतात. फासाबाहेरच्यांशी गाठ पडणं कठीण. म्हणजे माझा बांध इथे अपुरा पडतो, कारण शेताला कुणी गाठी मारत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. नवा जीन पेशीत न्यायला निर्धोक केलेला विषाणू वापरतात, आणि तो डीएनएत कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात नसतं. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या बाळांवर असे उपचार झाले. बहुतेकांना नवी प्रतिकारशक्ती मिळाली. पण काही वर्षांत चौघांना रक्ताचा कर्करोग झाला, त्यातलं एक मूल गेलं. पहिल्या दोघांत विषाणू एलएमओ२ या जीनजवळ बसला होता आणि विषाणूच्या एन्हान्सरने तो शेजारी जागा केला होता.

म्हणून थॅलेसेमियाच्या वाहकात दोन्ही टोकांना कोंबडीच्या बांधाचा गाभा घातला. २००७ मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाला तो दिला. साधारण वर्षभरात त्याचं रक्त चढवणं थांबलं. तोच हा मोबाईलवरचा मुलगा. पण त्याच्या रक्तात एकाच पेशीची संतती फार वाढली होती. तिच्यात नवा जीन एचएमजीए२ या जीनच्या आत बसला होता, आणि त्या जीनचा संदेश कोंबडीच्या तुकड्यात शिरून अर्ध्यावरच तुटत होता. ज्या शेपटामुळे तो वेळेवर नष्ट व्हायचा, ते शेपूटच गेलं. म्हणजे अडथळा म्हणून घातलेला बांधच तिथे अडचणीचा ठरला. सुदैवाने कर्करोग झाला नाही. पुढच्या वाहकातून हा तुकडा काढून टाकला. तो उपचार २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. किंमत अठ्ठावीस लाख डॉलर.

पुढच्या खेपेला हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मामू, ते कोंबडीचं हलाल होतं का?" सिस्टरही हसल्या. त्याची अम्मी मात्र हसली नाही.

तिचं लग्न तिच्या फूफीच्या मुलाशी झालं. दोघंही वाहक निघाले, पण ते मूल झाल्यावर कळलं. मी तेव्हाही जीवशास्त्र शिकवत होतो. निकाहाला गेलो, बिर्याणी जेवलो, तपासणीचं चकार शब्द बोललो नाही. घरच्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं.

आता तिच्या थोरलीसाठी नात्यातलंच स्थळ आलंय. बाटली संपत आली तेव्हा मी म्हणालो, "बोलणी पुढे न्यायच्या आधी दोघांचं एचबीए२ करून घे."

"मुलाकडचे काय म्हणतील?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

तिने मुलाच्या वडिलांचा नंबर माझ्या मोबाईलवर पाठवला. अजून फोन केलेला नाही. रविवारी करणार आहे.