दारातला शिपाई

भिलाईत येऊन दीड वर्ष झालं. एनसीसीच्या पोरांना ड्रिल शिकवायची पोस्टिंग. संध्याकाळी वेळेवर घरी पोचतोय, नोकरीत पहिल्यांदाच. जेवण झालं की गॅलरीत उभं राहायचं, कारखान्याच्या बाजूला आभाळ मधूनच तांबडं होतं ते बघायचं, झोपायचं. अशा पोस्टिंगचा एकच त्रास. पोरगं दिवसभर काय करतं ते दिसायला लागतं.

आमचे चिरंजीव आठवीत आहेत आणि सध्या 'डायब्लो' नावाचा गेम खेळतात. 1996 च्या अखेरीचा गेम आहे, म्हणजे मी भरती व्हायच्याही आधीचा. एका रात्री त्याने मला ओढूनच नेलं. तळघराच्या तिसऱ्या मजल्यावर हाडांचा एक सापळा, डोक्यावर मुकुट, अवतीभवती सापळ्यांचीच फौज. म्हटलं, हा कोण? तर म्हणे, राजा लिओरिक. चांगला राजा होता, पप्पा.

मग त्याने सगळी गोष्ट सांगितली. राज्याचं नाव खंडुरास. (मला ते आमच्या खान्देशातलंच वाटलं.) राजा धर्मशील, प्रजेचा लाडका. जमिनीखाली कोंडलेला एक सैतान त्याच्या अंगात शिरायला बघतो. राजा झुंजतो, सैतानाला ताबा मिळत नाही, पण त्या झुंजीत राजाचं डोकं फिरतं. तो सल्लागारांनाच मारायला लागतो, शेजारच्या राज्यावर विनाकारण फौज पाठवतो. धाकटा मुलगा पळवला जातो, तेव्हा तर उरलंसुरलं भानही जातं. त्या हरलेल्या मोहिमेतून त्याचा सेनापती लॅकडानन थोडे लोक घेऊन परत येतो. राजाला समजावतो. राजा ऐकत नाही. शेवटी लॅकडाननला आपल्याच राजाला मारावं लागतं, आणि मरता मरता राजा त्या सगळ्यांना शाप देतो. राजा सापळा होऊन उठतो आणि हे शिपाईही त्याच अंधारात अडकतात.

"पप्पा, लॅकडाननचं बरोबर होतं का? तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, शाळा आहे उद्या, झोप आता.

झोप मात्र माझीच गेली. कारण महिनाभरापूर्वी एका कॅडेटच्या वडिलांनी मला त्यांच्या गावी पंडवानीला नेलं होतं. भिलाईजवळचं गनियारी हे तीजनबाईंचं गाव. 2019 साली पद्मविभूषण मिळालेल्या आणि इथल्याच स्टील प्लांटमध्ये नोकरी केलेल्या तीजनबाई. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचा योग काही आला नाही. त्या रात्री गाणारे एक म्हातारे बाबा होते. हातातला तंबुरा कधी गदा व्हायचा, कधी धनुष्य. प्रसंग होता अश्वत्थाम्याचा.

अश्वत्थामा आम्हा रावेरकरांच्या शेजारचाच. बऱ्हाणपूरच्या पुढे 20 किलोमीटरवर असीरगड, तिथे तो अजून फिरतो म्हणतात. कपाळावरच्या जखमेला तेल मागत हिंडतो, असं आजी सांगायची आणि आम्ही दिवेलागणीनंतर बाहेर पडायचो नाही. पण मला माहीत होता तो भुताटकीचा अश्वत्थामा. पंडवानीत दिसला तो शिपाई. अठरा दिवसांनी कौरवांकडचे तिघेच उरलेत: तो, कृपाचार्य आणि कृतवर्मा. मरणाला टेकलेल्या दुर्योधनाने त्याला सेनापती केलंय. वडाखाली बसलेला असताना त्याला घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना दिसतं, आणि तो ठरवतो. कृपाचार्य मामा आहेत, वडीलधारे आहेत. ते म्हणतात, आज झोप, सकाळी मोठ्यांना विचारू. तो ऐकत नाही. आणि मग मामा त्याच्यामागून जातात.

बाबांनी तंबुरा तलवारीसारखा उगारला आणि झोपलेली छावणी कापायला सुरुवात केली. तेवढ्यात साथीतला रागी मध्येच म्हणाला, "दुआरी म कोन खड़े रिहिस?" दारात कोण उभं होतं?

कृपाचार्य आणि कृतवर्मा. आतून पळून येणाऱ्याला दारात मारत होते. मणी गेला अश्वत्थाम्याचा, तीन हजार वर्षं रक्तपुवाने बरबटून भटकायचा शाप त्यालाच. कृपाचार्य पुढे परीक्षिताचे गुरू झाले.

लोक माना डोलवत होते. मी चहाचा कप धरून बसलो होतो, चहा गार झाला.

एका पोस्टिंगला, जागा सांगत नाही, आमचे पोस्ट कमांडर असे होते की त्यांच्यासाठी आम्ही कुठेही गेलो असतो. स्वतःच्या ताटातलं पोरांना द्यायचे. एका दिवशी आमचे दोघे गेले. त्या रात्री चौकशीसाठी आणलेला एक म्हातारा आतल्या खोलीत होता. साहेब आत गेले, मला म्हणाले, दारावर थांब, कोणी येऊ देऊ नको. मी थांबलो. आतून आवाज येत होते. त्या म्हाताऱ्याला काहीच माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत होतं.

आमचा रेडिओ ऑपरेटर वयाने सगळ्यात लहान, मिसरूड नुकतं फुटलेलं. तो आला, मला बाजूला केलं, आत डोकावून म्हणाला, "साहेब, सीओ साहेब सेटवर आहेत." साहेब धापा टाकत बाहेर आले, सेटपाशी गेले. सेट दुपारपासून बंद होता. हेडफोन कानाला लावून ते बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, म्हाताऱ्याला पाणी द्या.

सकाळी त्याला सोडलं. यावर आम्ही तिघे कधी बोललो नाही. साहेब आता निवृत्त आहेत, दिवाळीला मेसेज येतो.

परवा चिरंजीव चौदाव्या मजल्यावर पोचले. तिथे लॅकडानन भेटतो. मारू नका म्हणतो, खालच्या मजल्यावरून सोनेरी औषध आणून द्या म्हणतो. पोराने गेम थांबवला आणि तोच प्रश्न परत विचारला. या वेळी मी त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच.

तो म्हणाला, "म्हणजे तो रेडिओवाला खोटं बोलला?"

"हो."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"दारात."

त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे वळला आणि औषध शोधायला पंधराव्या मजल्यावर उतरला. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.