शेवटच्या तारखेपर्यंत

केमोच्या वॉर्डात पहिल्यांदा आलेली बाई मनातला खरा प्रश्न डॉक्टरांना विचारत नाही. त्यांच्यासमोर ती नुसती मान हलवते. मग सलाईन सुरू होतं, सोबतचा माणूस औषधं आणायला जातो आणि ती शेजारच्या खाटेकडे वळून हळूच विचारते, "तुमचं कितवं?" पुढचं सगळं तिला त्या खाटेवरून कळतं. केस कधी जातात, तोंडाला चव कधी येते, लेकरांना काय सांगायचं आणि यातून बाई खरंच वाचते का.

माझ्या वेळी शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरकडची एक मावशी होती. तिची तारीख माझ्या पुढे होती, त्यामुळे माझ्यावर जे येणार होतं ते तिच्यावरून आधीच गेलेलं असायचं. लाल रंगाचं औषध चढल्यावर लघवीही लालसर होते, त्याला भ्यायचं नाही, हे तिनं सांगितलं. भूक नसली तरी दर दोन तासांनी घासभर मूग-तांदळाची खिचडी पोटात जाऊ द्यायची, हेही तिनंच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, पण त्या खोलीत शिकवत होती ती.

मी मूळची अकोल्याची, सासर अमरावतीचं. २०१८ साली माझ्या स्तनात गाठ निघाली आणि तपासणीत कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया मुंबईला टाटा रुग्णालयात झाली. केमो आणि रेडिएशन अकोल्यात घ्यायचं ठरलं, कारण तिथे माहेर होतं. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सलग काही आठवडे घ्यावं लागतं. रोज अमरावतीहून येणं-जाणं मला झेपलं नसतं. त्या काळात अमरावती-अकोला रस्त्याची चाळणी झालेली होती. केमोनंतर घरी परतताना प्रत्येक खड्ड्यागणिक पोट ढवळून यायचं आणि हे गाडी बाजूला घ्यायचे. त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आज कुणाला घेऊन त्या रस्त्यानं जाते, तेव्हा मागच्या सीटवरची बाई शांत झोपलेली असते. याचं मोल काय, ते मला विचारा.

मुंबईत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. स्वतःसाठी एक झोपडीही न बांधणाऱ्या या माणसानं जागोजागी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या या धर्मशाळेत टाटाला आलेली माणसं मोठ्या संख्येनं उतरतात. संध्याकाळी तिथे भाजी निवडता निवडता बोलणं निघायचं. कोणत्या तपासणीला उपाशी जायचं, कोणता कागद दोन प्रतींत न्यायचा, ऑपरेशनच्या बाजूचा हात भिंतीवर हळूहळू वर कसा सरकवायचा. मलकापूरची बाई पुसदच्या बाईला शिकवायची, पुसदची आणखी कुणाला. रोग्याची सेवा म्हणजे काय, हे बाबांच्या गावाकडच्या मला मुंबईत उमगलं.

उपचार संपले, मी शाळेत रुजू झाले. एक दिवस अकोल्याच्या वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, एक बाई केमो सोडून घरी जायचं म्हणते. ऐकतच नाही. तुम्ही बोलून पाहता का?" मी गेले.

बाई दर्यापूर भागातली होती. दिवस दिवाळीनंतरचे. ती म्हणाली, "बाई, कापूस फुटून रायला. येचाले बाया भेटत नाईत. दोन तारखा चुकल्या त का बिघडते?"

हा प्रश्न वऱ्हाडात फार मोठा आहे. आमच्याकडे माणूस आजाराला भितो, त्याहून जास्त हंगाम हातचा जाण्याला भितो. जूनमध्ये पेरणी, पुढे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. वर्षभराची उधारी त्या चार-दोन आठवड्यांत फिटायची असते. गाठ छोटी झालेली असते, दुखणं थांबलेलं असतं, मग बाईला वाटतं की झालं, बरं वाटतंय, आता जाऊ या. नेमका तिथेच उपचार अर्धवट सुटतो. केमोचे डोस ठरावीक अंतरानं द्यायचे असतात. एका डोसातून निसटलेल्या पेशींना पुढच्या डोसानं गाठायचं असतं. मध्ये खंड पडला की त्या पुन्हा वाढायला मोकळ्या होतात. शेतकरी बाईला हे एका वाक्यात पटतं: अर्धं निंदण करून सोडलेल्या वावरात तण पहिल्यापेक्षा जोमानं येतं.

पण नुसतं पटून भागत नाही. कापूस कोण वेचणार, याचं उत्तर लागतंच. म्हणून मी तिच्या नवऱ्याशी आणि थोरल्या जावेशी बोलले. कालनिर्णयवर तिच्या राहिलेल्या तारखांवर लाल पेनानं गोल केले आणि ते पान घरात लावायला दिलं. जावेनं तिच्या माहेरच्या दोन बाया वेचणीला आणल्या. बाईनं सगळे डोस पूर्ण केले, पुढचे रेडिएशनचे शेकही घेतले. त्या दिवसापासून मला माझं काम कळलं. बाईला शेवटच्या तारखेपर्यंत पोहोचवायचं. आधी सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर आता आठवडाभर मी हेच करत आले आहे.

या कामात मोठमोठ्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. एक म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "हे केस तुमचेच व्हय?" मी म्हटलं, "व्हय माय, माहेच. ओढून पाहा." तिनं खरंच वेणी हातात घेऊन ओढून पाहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. तासभर समजावून जे झालं नसतं, ते त्या वेणीनं केलं.

बाकी सगळं साधं सांगणं असतं. पिशवीत थर्मामीटर ठेवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. शेकासाठी आखलेल्या रेघा अंघोळीत घासून काढू नका. हा रोग शिवल्यानं होत नाही, म्हणून ताट-वाटी वेगळी करू नका. हे शेवटचं मी घरच्यांसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगते. कित्येक घरांत बाईला रोगापेक्षा त्या वेगळ्या ताटाचं दुःख जास्त झालेलं मी पाहिलं आहे.

पैशाचंही बोलावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत आणि संरक्षण आता ५ लाखांपर्यंत आहे. पण दागिना मोडल्यावर योजना कळली, तर उपयोग काय? म्हणून पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन मी नातेवाइकांना आरोग्यमित्राच्या टेबलाशी नेते. मुंबईला जायचं असेल तर रेल्वेची सवलत सांगते. रुग्णालयाचा दाखला असला की उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के.

सगळ्या वाचत नाहीत. हे लपवून मला लिहिता येणार नाही. बडनेऱ्याची एक तरुण आई आमच्याकडे आली, तेव्हा रोग हाडांत गेलेला होता. तिनं दुखणं लाजेपायी अंगावर काढलं होतं, पुरुष डॉक्टरांना कसं दाखवायचं म्हणून. २०२२ साली देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले, असा जागतिक नोंदीचा अंदाज आहे. त्यांतल्या किती जणी अशाच लाजेनं गप्प बसल्या असतील! तिच्यासाठी शेवटची तारीख वेगळी होती. मॉर्फिननं तिच्या वेदना आटोक्यात आल्या, ती घरी लेकीजवळ झोपू शकली. मी तिच्या लेकीच्या दहावीच्या वह्या तपासून द्यायचे, ती पडल्या पडल्या ऐकायची. ती गेल्यावर काही दिवस मला वॉर्डात पाऊल टाकवेना. मग लक्षात आलं की मी तिला बरं करायला गेलेच नव्हते, ते माझ्या हातात नव्हतं. तिला एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं आणि ते झालं होतं. मी पुन्हा जायला लागले.

ज्यांचे उपचार पूर्ण झाले, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणी बऱ्या झाल्यावर रुग्णालयाच्या रस्त्यानंही जात नाहीत. नको त्या आठवणी, असं म्हणतात आणि ते खरंही आहे. तरी एकदा जा. भाषण करू नका, फळं वाटून फोटो काढू नका. केमोच्या दिवशी एखाद्या नव्या बाईच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसा आणि तुमचं काय काय झालं ते तिला सांगा. तिची पुढची तारीख विचारून घ्या आणि त्या तारखेलाही जा.