चॉप्स, ग्रेव्ही आणि शेजार



धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, डुकराचं मटण खाणं पाप आहे का? शाळेत मुलं चिडवतात." मानपुरात आपली घरं मोजकी. शेजारी कुणी जैन, कुणी मुसलमान, कुणी शाकाहारी हिंदू. हा प्रश्न आज ना उद्या आपल्या प्रत्येक मुलाला पडणार.

माझं माहेर वसईचं. तिथे सणाला पोर्क इंदियाल असतं. गोव्यात सोरपोतेल आणि विंदालू. इथे मी नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला साधे चॉप्स करते. आलं-लसूण, मिरपूड, हळद, मीठ आणि चमचाभर व्हिनेगर चोळून ते तासभर मुरवायचे, मग फडक्याने टिपून कोरडे करायचे. खोलगट तवा तापला की आधी चरबीची कड टेकवायची, म्हणजे तिचंच तेल सुटतं. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की चॉप्स बाहेर काढायचे. त्याच तव्यात कांदा परतायचा, त्यावर चमचाभर मैदा भाजायचा आणि दीड कप गरम पाणी घालून तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडायचं. ग्रेव्हीची चव त्या खरवडीत असते. चॉप्स परत सोडून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर आतपर्यंत पूर्ण शिजवायचे. सोबत पाव.

आता मुलाचं उत्तर. लेवीय ग्रंथाच्या ११व्या अध्यायात डुकराचं मांस निषिद्ध आहे, आणि तो नियम किरकोळ नव्हता. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात ९० वर्षांचा एलाजार ते मांस खाण्याऐवजी मरण पत्करतो. ओळखीच्या लोकांनी त्याला सुचवलं होतं की स्वतःचं चालणारं मांस आणून खा आणि नुसतं नाटक कर. त्याने तेही नाकारलं. तरुणांची दिशाभूल होईल म्हणून.

पुढे येशूने शिकवलं की बाहेरून आत जाणारं अन्न माणसाला अशुद्ध करत नाही, अंतःकरणातून निघणारी दुष्टाई करते. यापो इथे संत पेत्राला चादरीचा दृष्टांत झाला आणि त्यानंतर तो कर्नेल्य या परक्या माणसाच्या घरात पाऊल टाकू शकला. म्हणजे ताट मोकळं झालं ते दार उघडण्यासाठी. म्हणून खाणं पाप नाही. पण त्याच ताटाने शेजाऱ्याचं दार बंद होत असेल, तर पेत्राला मिळालेली शिकवण आपण अर्धीच घेतली. संत पौल तर भावाला अडखळण होणार असेल तर मांसच सोडायला तयार होता.

आमच्या घरी पोर्कचा तवा वेगळा आहे. शिजवताना शेजारच्या बाजूची खिडकी लावून घेते. नाताळच्या करंज्या वेगळ्या कढईत तळते आणि त्याच शेजारी नेते. कुणी विचारलं, "तुम्ही ते खाता का?" तर "हो" म्हणते. एलाजारने नाटक केलं नाही, आपणही करू नये. लपवलं तर आपली मुलं लाजायला शिकतील. मिरवलं तर दुखवायला.

प्रभो, आमच्या ताटातल्या अन्नाबद्दल तुझे आभार. ते खाताना आम्हांला धीर दे आणि शेजाऱ्याच्या मनाची जाण दे. आमेन.