चालत आलेला शब्द

"अरे, वर्गात हा काय तमाशा मांडला आहे?" शिक्षक या नात्याने हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. एकदा मात्र ते माझेच मला बोचले. मागच्या बाकावर दोन मुलांची झटापट चालली होती. मी दरडावताच त्यांतील एक उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, तमाशा असा नसतो. माझे बाबा फडात ढोलकी वाजवतात." सारा वर्ग हसला. मला हसू आले नाही.

त्या रात्री माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' आणि आणखी दोनचार कोश काढून बसलो. हा शब्द मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ चालणे. सोबतीने पायी फिरणे, एवढाच त्याचा पहिला भाव. पुढे तो इराणात गेला. फिरावयास निघालेला मनुष्य आजूबाजूची शोभा पाहतोच. त्यामुळे फारसीत चालणे मागे पडून मौजेने पाहणे हा अर्थ पुढे आला. बहामनी आणि आदिलशाही राजवटींत फारसीतील कितीतरी शब्द मराठीत रुळले, हाही त्यांतलाच. येथे पाहण्याजोगा खेळच तमाशा ठरला.

आणि तो खेळ तरी केवढा! शेताची कामे आटोपून गाव मोकळे झाले की ढोलकीवर थाप पडे, तुणतुणे वाजू लागे. आधी गणेशाला वंदन करणारा गण, मग गौळण, बतावणी, लावणी, आणि शेवटी रात्र सरेपर्यंत रंगणारा वग. रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्णी घराण्यात जन्मलेले पठ्ठे बापूराव याच कलेच्या ओढीने घरदार सोडून फडात शिरले.

रस्त्यात भांडण जुंपले की तेथेही पाहणारे जमतात. म्हणून भांडणही तमाशा झाले, फजितीही झाली. यात शब्दाचा काय अपराध? दोष असलाच तर कडेला उभे राहून पाहणाऱ्यांचा, आणि माझ्यासारख्या बोलणाऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली व ही सारी हकीकत सांगितली. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. क्षणभर थांबून तो म्हणाला, "म्हणजे बाबा फडाबरोबर गावोगाव हिंडतात, तोही तमाशाच की, गुरुजी!"