ओला, ओण आणि कस

भाषिक हक्कांची चर्चा निघाली की आपल्यासमोर शाळा येतात, जमिनीचे उतारे येतात, दुकानांवरच्या पाट्या येतात. घरातली केराची बालदी त्या चर्चेत सहसा येत नाही. सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना मात्र गेली काही वर्षे भाषेचा प्रश्न रोज सकाळी या बालदीपाशीच भेटतो. म्हणून आज थोडे केराविषयी.

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. त्याआधीच्या २००० सालच्या नियमांत मुख्य भार नगरपालिकांवर होता. २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येक घरावर स्पष्ट कर्तव्ये टाकली. त्या नियमांनुसार कचरा घरातच तीन ठिकाणी वेगळा करायचा होता: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. सॅनिटरी पॅड व डायपर नीट गुंडाळून द्यायचे. बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवायचा. कचरा रस्त्यावर किंवा गटारात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही. स्थानिक संस्थेने ठरवलेले शुल्क भरायचे. लग्नासारख्या कार्यक्रमाला शंभरांहून अधिक माणसे जमणार असतील आणि जागा परवानाप्राप्त नसेल, तर निदान तीन कामाचे दिवस आधी कळवायचे. हे नियम चांगले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिसळलेला कचरा शेवटी कुणाला तरी हातानेच निवडावा लागतो. त्यातली फुटकी काच आणि वापरलेली सुई त्याच हाताला लागते.

परंतु हा नियम स्वयंपाकघरात पाळायचा आहे. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने, म्हाताऱ्या आजोबांनी, शाळकरी मुलाने तो पाळायचा आहे. म्हणून तो त्यांना कळेल अशा शब्दांत पोचला पाहिजे. सीमाभागातली अडचण इथेच सुरू होते.

कन्नडमध्ये ओल्या कचऱ्याला ‘हसी कस’ म्हणतात आणि सुक्या कचऱ्याला ‘ओण कस’. कचऱ्याच्या गाडीवरच्या ध्वनिक्षेपकातून हेच दोन शब्द ऐकू येतात. आता मराठी कानाने ते ऐकून पाहा. ‘ओण’ म्हणजे कोरडा. पण मराठी माणसाला त्या ‘ओ’मध्ये ‘ओला’ ऐकू येतो. अर्थ नेमका उलटा होतो. ‘हसी’ म्हणजे ओला, हिरवा, कच्चा. त्याचे तर मराठीत बोटच धरता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी ‘ओण’ ऐकून भाजीची देठे आणि चहाचा चोथा निष्ठेने सुक्याच्या डब्यात टाकला आणि दुधाच्या पिशव्या दुसऱ्या डब्यात. दोन आठवडे त्यांची बालदी परत येत राहिली. दंड होईल, असे बजावणारी चिठ्ठीही आली. ती त्यांना वाचता येत नव्हती. शेवटी गाडीवरच्या पौरकार्मिकानेच थांबून मराठीत समजावले. कर्नाटकात सफाई कामगारांना ‘पौरकार्मिक’ म्हणतात. शब्द मोठा मानाचा आहे आणि आमच्या मराठीतही तो रुळला आहे. तो गृहस्थ दोन्ही भाषा सहज बोलतो. आजूबाजूची कन्नड कुटुंबेही आमच्याशी मराठीत बोलतात, आम्ही त्यांच्याशी कन्नडमध्ये. एकभाषी आहे तो फक्त कागद.

इतर ठिकाणच्या मराठी बांधवांना ही अडचण इतकी बोचणार नाही. इंदूर-ग्वाल्हेरला ‘गीला’ आणि ‘सूखा’ कचरा, बडोद्याला ‘भीनो’ आणि ‘सूको’ कचरो. मराठी माणूस यातून वाट काढतो. गोव्यात कोंकणीतला ‘कोयर’ ऐकला की आपला ‘केर’ आठवतो. हैदराबादेत मात्र ‘तडी चेत्त’ आणि ‘पोडी चेत्त’ असे तेलुगू शब्द येतात, तेव्हा तिथल्या नव्या सुनेची अवस्था आमच्या आजींसारखीच होत असणार. नियम देशभर एकच. पण तो पाळण्याची वाट प्रत्येक भाषेच्या अंतरानुसार सोपी किंवा अवघड होते.

यावर उपाय नवा शोधावा लागत नाही. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे मान्य झाली आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत जी पुन्हा स्वीकारली गेली, त्यांत हे आहेच: जिल्ह्यात किंवा त्याहून लहान विभागात एखादी भाषा बोलणारे किमान १५ टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. कचऱ्याच्या नियमाहून रोज लागणारी सूचना दुसरी कोणती? शिवाय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. आम्ही मराठीतच निवेदन दिले आहे. त्यात कन्नड पाटी काढा असे कुठेही म्हटलेले नाही. तिच्याखाली मराठी ओळ लिहा, एवढेच म्हटले आहे.

मात्र मराठीतही कोणती ओळ, हे आपणच ठरवले पाहिजे. सरकारी मराठीत ‘जैवविघटनशील’ आणि ‘अजैवविघटनशील’ असे शब्द छापून येतात. लिपी ओळखीची, पण आजींना त्यांचा ‘ओण’इतकाच उपयोग. आपल्याकडे उष्टे, खरकटे, निर्माल्य, पालापाचोळा, रद्दी, भंगार, राडारोडा असे नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केर वेगवेगळा ओळखण्याची दृष्टी या शब्दांतच आहे. निवेदनाच्या उत्तराची वाट पाहत न बसता आम्ही एक कागद तयार केला. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. ‘ओला’समोर ‘हसी’: साली, देठे, खरकटे, निर्माल्य. ‘सुका’समोर ‘ओण’: कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा. ‘घातक’ समोर ‘अपायकारी’: मुदत संपलेली औषधे, सेल, ट्यूबलाइट, रंगाचे व कीटकनाशकाचे डबे, सुया. पॅड आणि डायपरविषयी आडवळणाने लिहायचे नाही, हा आग्रह घरातल्या स्त्रियांनी धरला, आणि ते योग्यच होते. कन्नड बाजू शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी तपासून दिली. आज तो कागद गल्लीतल्या दोन्ही भाषांच्या घरांत चिकटवलेला आहे.

तो लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. कन्नडमध्ये ‘कस’ म्हणजे केर. मराठीत ‘कस’ म्हणजे जमिनीचे सत्त्व. आपल्या शेतकऱ्याला हा विरोध वाटणार नाही. परसातल्या उकिरड्यावर पडलेला केरच पुढे शेताचा कस होतो, हे तो पाहत आला आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपण करून ठेवली. यवतमाळच्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात हे काम काही महिन्यांवर आणले आणि ती पद्धत त्यांच्याच नावाने ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. पण हे होते ते फक्त वेगळ्या ठेवलेल्या ओल्या केराचे. त्यात एक सेल किंवा एक फुटका दिवा मिसळला, तर त्या खतावर कुणी भरवसा ठेवू नये. आणि जो कचरा वेगळा होत नाही, तो शहराबाहेर जातो. शहराबाहेर म्हणजे कुणाच्या तरी गावाजवळ. बेळगावकरांना तुरमुरी ठाऊक आहे, इंदूरकरांना देवगुराडिया, गोवेकरांना साळगाव. सीमाभागातली अशी गावे बहुधा आपल्याच माणसांची असतात, हेही विसरता येत नाही.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. आपल्या गावात कचऱ्याची सूचना मराठीत मिळत नसेल, तर मराठीतच लेखी मागणी करा आणि पोच घ्या. आणि उत्तर येईपर्यंत, स्थानिक भाषेतील शब्द व त्यांचे मराठी अर्थ एका कागदावर लिहून बालदीच्या वर लावा, शेजारच्या आजींच्या घरीही लावून द्या. मागणी प्रलंबित आहे म्हणून घरातला कचरा मिसळून टाकण्याची सवलत आपल्याला मिळत नाही.