दरवाजाचा जोर कुठे जातो

गाडीचा पुढचा दरवाजा उघडताना बिजागरीच्या बाजूने ‘टक्’ असा कोरडा आवाज येऊ लागला, की बहुतेक मालक बिजागरीत तेल सोडतात. दोन दिवस बरं वाटतं, आवाज परत येतो. अशी गाडी माझ्याकडे आली की मी दरवाजा अर्धा उघडतो, वरच्या-खालच्या बिजागरीच्या मधल्या पत्र्यावर बोट टेकवतो आणि दुसऱ्या हाताने दरवाजा पुढेमागे करतो. बोटाखालचा पत्रा फुगतो आणि बसतो. रंगात केसाएवढी रेघ दिसते. रेघ रंगाची नसते, पत्र्याची असते.

या जागी डोअर चेक बसवलेला असतो. एक पोलादी पट्टी. तिचं एक टोक गाडीच्या खांबाला खिळीवर फिरेल असं धरलेलं, दुसरं दरवाजाच्या कडेतल्या खाचेतून आत गेलेलं. आत लहानशी पेटी असते, तिच्यात स्प्रिंगने किंवा रबराने दाबलेले रोलर. पट्टीवरचे उंचवटे रोलरांमधून सरकले की दरवाजा त्या टप्प्यावर थांबतो. पट्टीच्या शेवटी आडवा अडथळा असतो, तिथे उघडणं संपतं. ही पेटी दरवाजाला बहुधा दोनच बोल्टांनी धरलेली असते, आणि तिथला पत्रा बऱ्याच लहान गाड्यांत १ मिमीहूनही पातळ.

आता हिशेब करून पाहा. दरवाजा साधारण १ मीटर लांब. पट्टी बिजागरीच्या आसापासून ५-६ सेंमीवर. दरवाजाच्या टोकाला कोणी १० किलोचा जोर लावला, तर शेवटच्या थांब्यावर पट्टीला साधारण १६५ ते २०० किलोची ओढ बसते. हा झाला शांतपणे लावलेला जोर. दरवाजा झोकात येऊन आदळला तर ओढ याच्या कितीतरी पट होते.

आमच्या साताऱ्यात हा झोका वारा देतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नव्हेत. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा पाहून मंडळी वर जातात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून गाडी लावतात आणि दरवाजाची कडी सोडतात. वारा दरवाजाच्या आतल्या बाजूला भरतो आणि तो हातातून हिसकावून पुढे फेकतो. गाडीचं नाक वाऱ्याकडे असेल तर तोच वारा दरवाजा बंद करू पाहतो. बोटं सांभाळली की झालं. पठारावर गाडी लावताना एवढं पाहायलाच हवं.

एका झटक्यात पत्रा क्वचितच फाटतो. तार पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते, तसा बोल्टाभोवतीचा पत्रा दर उघडझापीला थोडा वाकतो आणि एक दिवस भोकाच्या कडेपासून भेग सुटते. पुढे पेटी पत्र्यासकट बाहेर ओढली जाते, दरवाजा हवा त्याहून जास्त उघडतो आणि त्याची पुढची कड मडगार्डला लागते. तिथवर गेलं की रंगकामाचा खर्च आला.

आमच्या धंद्यात या भेगेवर लांबी भरून रंग मारून देणारे लोक आहेत, याचा मला मनापासून राग येतो. लांबी खड्डा भरते, भार घेत नाही. नुसतं एम-सील थापूनही चालत नाही. वेल्डिंगने काम होतं, पण पातळ पत्रा तापून वाकडा होतो, जोडाच्या कडेला पुन्हा भेग पडू शकते, शिवाय आत वायर, रबर, प्लॅस्टिक आणि काच असते. घरच्या पडवीत वेल्डिंग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करण्यासारखा उपाय म्हणजे आतून पोलादी पत्र्याचा पट्टा लावणं. मेढ्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडून समजून घेऊन हे स्वतः करणार होते. त्यांनी विचारलं, “मिस्त्री, चांगला जाड पत्रा लावला तर पक्कं होईल ना?” मी म्हटलं, “सर, जाड नको, रुंद हवा.” सगळी दुरुस्ती या एका गोष्टीवर उभी आहे. बोल्टाभोवतीच्या थकलेल्या पत्र्यावरचा भार दूरच्या निरोगी पत्र्यावर न्यायचा असतो. रुपयाएवढ्या जाडजूड वॉशरने भोक मजबूत होतं, पण वॉशरच्या कडेला नवी भेग पडते.

काच पूर्ण वर घ्यावी, बॅटरीची वायर काढावी. आतलं पॅनेल स्क्रू आणि क्लिपा सोडवून उतरवावं. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद सावकाश सोडवावा, तो परत लावायचा आहे. चेक काढण्याआधी दरवाजा दोरीने आतून बांधावा किंवा कुणाला तरी धरायला उभं करावं, कारण चेक निघाला की दरवाजाला थांबा उरत नाही. घाईत हे विसरून मडगार्ड दाबून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

भेगेचं टोक शोधून तिथे ३ मिमीचं भोक पाडावं. टोकदार भेग पुढे धावते, गोल भोकाशी बहुधा थांबते. फुगलेला पत्रा मागे लोखंडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने सपाट करावा. मग पुठ्ठ्याचा साचा कापावा. पट्टा दीड ते दोन मिमी जाडीच्या साध्या पोलादाचा, अर्ध्या पोस्टकार्डाएवढा, आणि शक्य असेल तिथे शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून काटकोनात वाकवलेला, म्हणजे दरवाजाच्या कडेसोबत आतला पत्राही पकडीत येतो. कोपरे कानस मारून गोल करावेत. पट्टीसाठीची खाच थोडी ऐसपैस ठेवावी, कारण दरवाजा फिरताना पट्टी आडवीही सरकते. पट्ट्याच्या जाडीएवढे बोल्ट लांब घ्यावे लागतात. त्याहून लांब घेतले तर ते पेटीत रोलरला अडतात.

दोन्ही पत्रे चकचकीत होईपर्यंत घासून, थिनरने पुसून, मध्ये धातूसाठीचा दोन भागांचा इपॉक्सी लावून, कडेने पोलादी रिव्हेट मारावेत. ॲल्युमिनियमचे नकोत; ते मऊ असतात, आणि ओलाव्यात पोलादाशी लागून आधी स्वतःच झिजतात. इपॉक्सीला पूर्ण एक दिवस द्यावा. तोवर दरवाजा बंदच ठेवायचा. उघड्या पत्र्यावर जस्ताचा प्रायमर मारावा, आणि दरवाजाच्या तळाची पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करावीत. काचेच्या रबरातून पाणी आत येतंच, ते बाहेर गेलं पाहिजे.

जुना चेक मात्र हातात घेऊन पाहिल्याशिवाय परत लावू नये. पट्टी सरकवताना अडकत असेल, रोलर चेपला असेल, तर पत्रा फाटण्याचं कारण तिथेच आहे. नवा चेक घ्यावा. दरवाजा उघडून टोकाकडून वर उचलूनही पाहावा. बिजागरीत खेळ असेल तर दरवाजा लोंबतो, पट्टी तिरपी ओढली जाते आणि नवा पट्टाही तसाच छळला जातो. पट्टीवर ग्रीसचा पातळ हात पुरतो.

हे सगळं दरवाजाच्या बाजूचं. भेग खांबाच्या बाजूला असेल, किंवा खांबाचा पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील, तर पाना खाली ठेवावा. त्या खांबावर बिजागऱ्या असतात, आणि अपघातात माणसांभोवतीचा सांगाडा तोच धरतो. ते काम बॉडीशॉपमध्ये, सडलेला भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करूनच व्हायला हवं, आणि मालकाने रंग चढण्याआधी एकदा जाऊन तो जोड पाहावा.