मामाचा फोटो कुठल्या फाइलमध्ये ठेवायचा?

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडभर शिरलं. त्यात गेलेल्या फ्रिजची, कपाटांची मोजदाद झाली. लग्नाचे अल्बम नंतर हळूहळू माझ्या टेबलावर यायला लागले. जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं काम.

रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनमध्ये तीन रंगांचे थर असतात. वरचा निळसर, मधला किरमिजी, तळाचा पिवळा. पुराचं पाणी वरून खात जातं. म्हणून भिजलेला फोटो आधी लाल होतो, मग पिवळा, मग कोरा. पिवळ्या डागातही कधी कधी चेहरा शिल्लक असतो, पण इतका फिका की डोळ्याला सापडत नाही. तो वर आणायचा म्हणजे फिक्या-गडदमधला कणभर फरक ताणून मोठा करायचा.

फाइल कुठली, हे इथे ठरवावं लागतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, सोळा बिटच्या टिफमध्ये ६५,५३६. आख्खा चेहरा जेपेगच्या दहा-बारा पायऱ्यांत बसलेला असेल, तर ताणल्यावर गालावर पट्टे उमटतात. शिवाय जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतं, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा टाकतं. फोटो पाठवायला ते उत्तमच, दुरुस्तीला नाही. टिफ जड पडते, हे खरं. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला सोळा बिटमध्ये स्कॅन केला तर साधारण ५२ एमबी. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

पोलादपूरहून एक मुलगा आला होता. महाडच्या मामाचा फोटो, मामा आता नाही. त्याने मोबाइलवर काढलेला, ॲपमध्ये चार-पाचदा उजळलेला, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला.

"मूळ फोटो कुठंय?"

"ताई, वास यायला लागला म्हणून मामीने टाकला."

एका एआय ॲपने त्याला मामा छान गुळगुळीत करूनही दिला होता. आईला दाखवला तर ती म्हणाली, "हा कोण?"

मी शर्टाच्या चौकडी नीट केल्या, मागचा दरवाजा आणला. चेहऱ्याच्या जागी चौकोनच होते. तिथे मी काही रंगवलं असतं तर तेही ॲपसारखंच झालं असतं. मी ते तसंच ठेवून टिफ आणि जेपेग दोन्ही दिल्या. पैसे घेतले नाहीत.

हल्ली कोणी फोनवर 'फोटो काचेला चिकटलाय' म्हटलं, की मी आधी ओरडते, सोलू नका. फ्रेम काढा, काच राहू द्या, काचेसकट आणा. स्कॅन काचेतूनही होतो.